पोटात तरंगणाऱ्या गोळ्या: गवार, चिंचोका आणि समुद्रशेवाळ औषधात काय काम करतात?

लेखन: जनरल फिजिशियन (एमबीबीएस), लासलगाव, जि. नाशिक

"डॉक्टर, गोळी पचतच नाही. सकाळी शौचातून जशीच्या तशी पडली." मधुमेहाची दिवसातून एकदा घ्यायची गोळी सुरू केलेल्या रुग्णांकडून हे वाक्य वरचेवर ऐकायला मिळते. त्यातले काही जण गोळी बंद करतात, काही तोडून किंवा चावून घेतात, तर काही "लागू पडत नाही" म्हणून दोन घेतात. तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. अशी गोळी आत काय करते हे समजले, तर त्या टाळता येतात.

हा लेख अशा गोळ्यांविषयी आहे. त्यातही जठरात तरंगत राहून हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांवर भर आहे. त्या बनवताना वापरले जाणारे गवार गम, अल्जिनेट, झँथन गम, चिंचोक्याची पूड हे नैसर्गिक पदार्थ नेमके काय करतात आणि रुग्ण म्हणून तुम्ही काय सांभाळायचे, ते पाहू.

## थोडक्यात महत्त्वाचे

- काही औषधे आतड्याच्या फक्त सुरुवातीच्या भागात शोषली जातात. ती जठरात जास्त वेळ थांबली तर त्यांचा उपयोग वाढतो.
- तरंगणारी गोळी जठरातल्या पाण्यात फुगते, हलकी होते आणि वर राहून थोडे थोडे औषध सोडते.
- ती बहुधा जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. उपाशीपोटी तिचा उपयोग कमी होतो.
- एसआर, एक्सआर, ईआर, ओडी, जीआर असे लिहिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू, चावू किंवा कुटू नका.
- शौचात गोळीचे मऊ कवच दिसले, तर औषध वाया गेले असे समजू नका.
- "नैसर्गिक" म्हणजे "सर्वांना सुरक्षित" असे नाही.

## गोळी पोटात किती वेळ थांबते?

गिळलेली गोळी काही सेकंदांत अन्ननलिकेतून जठरात उतरते. पुढे ती तिथे किती वेळ राहील, हे मुख्यतः पोट भरलेले आहे की रिकामे यावर ठरते.

पोट रिकामे असताना जठर आणि आतड्यात आकुंचनाचे एक चक्र चालू असते. साधारण दर दीड ते दोन तासांनी एक जोरदार लाट येते आणि जठरात उरलेसुरले जे असेल ते पुढे ढकलते. दुकान बंद करताना झाडू मारावा, तसाच हा प्रकार. उपाशीपोटी घेतलेली मोठी गोळी या लाटेबरोबर तासा-दोन तासांत पुढे निघून जाऊ शकते.

जेवण झाले की हे झाडणे थांबते. मग जठर अन्न घुसळते, बारीक करते आणि थोडे थोडे पुढे सोडते. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे बराच वेळ मागेच राहतात. तेल-तूप असलेले भरपेट जेवण जठरातून पूर्ण बाहेर पडायला चार ते सहा तास सहज लागतात. म्हणून तीच गोळी जेवणासोबत घेतली, तर ती जठरात कितीतरी जास्त वेळ राहते.

जठरातून बाहेर पडलेले अन्न लहान आतड्यातून पुढे सरकायला साधारण तीन ते चार तास लागतात. हा वेळ फारसा कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे औषधाला जास्त वेळ द्यायचा असेल तर ते जठरातच थांबवावे लागते.

## काही औषधांना जठरात थांबवण्याची गरज का पडते?

बरीच औषधे आतड्यात कुठेही शोषली जातात. त्यांच्यासाठी हा खटाटोप लागत नाही. काही औषधांची शोषणाची खिडकी मात्र अरुंद असते. ती लहान आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात जातात, आणि तो भाग ओलांडला की उरलेले औषध बरेचसे वाया जाते.

मधुमेहात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे असेच औषध आहे. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन आजारात दिले जाणारे लेव्होडोपा आणि जंतुसंसर्गावरचे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हीदेखील आतड्याच्या वरच्या भागात जास्त शोषली जातात. अशी औषधे दिवसातून एकदाच द्यायची, तर नुसती "हळू विरघळणारी" गोळी पुरत नाही. गोळी हळू विरघळत असतानाच खिडकी ओलांडून पुढे गेली, तर शेवटचा बराच भाग न शोषताच बाहेर पडतो. म्हणून गोळी खिडकीच्या अलीकडे, म्हणजे जठरात थांबवून तिथून थोडे थोडे औषध सोडण्याची कल्पना पुढे आली.

ही पद्धत सर्व औषधांना चालत नाही. जठराला त्रास देणारी वेदनाशामके तिथे जास्त वेळ ठेवणे घातक ठरेल. ओमेप्राझोलसारखी औषधे आम्लात नष्ट होतात, म्हणून ती उलट जठरातून सुखरूप पुढे नेणाऱ्या आवरणात द्यावी लागतात.

## गोळी तरंगते कशी?

जठरातल्या द्रवाची घनता पाण्याएवढीच, दर घनसेंटिमीटरला सुमारे एक ग्रॅम असते. त्याहून हलकी वस्तू वर तरंगते. कढईत सोडलेले भजे आधी तळाशी जाते आणि आत वाफ भरली की वर येते, ते आठवा. गोळीतही बरेचसे तसेच घडते. फरक इतकाच, की इथे वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू असतो आणि बेसनाऐवजी फुगणारा डिंकासारखा पदार्थ.

वायू तयार करणाऱ्या गोळीत औषधासोबत खाण्याचा सोडा आणि पाण्यात फुगणारा पॉलिमर असतो. जठरातले आम्ल सोड्याला भेटले की वायूचे बुडबुडे तयार होतात. त्याच वेळी पॉलिमर पाणी शोषून बुळबुळीत जाड थर बनतो आणि बुडबुडे त्या थरात अडकतात. गोळी फुगते, हलकी होते, वर येते. औषध त्या थरातून झिरपत बाहेर पडते. जठरात आम्ल कमी असले तरी वायू तयार व्हावा म्हणून काही गोळ्यांत सायट्रिक आम्लही घालतात.

दुसऱ्या प्रकारात वायू नसतो. कॅप्सूलमध्ये औषध आणि फुगणारा पॉलिमर भरलेला असतो. कॅप्सूलचे कवच विरघळले की आतली भुकटी बाहेरून फुगून जेलचा गोळा बनते. आत कोरडी भुकटी आणि हवा अडकलेली राहते, त्यामुळे गोळा हलका असतो. रोश कंपनीत शेठ आणि टोसुनियन या संशोधकांनी विकसित केलेली ही पद्धत १९८४ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लेव्होडोपा आणि बेन्सेराझाइड यांची "मॅडोपार एचबीएस" ही कॅप्सूल त्याच तत्त्वावर चालते.

पाण्याहून हलक्या गोळीचा विचार त्याही आधीचा आहे. १९६८ साली अमेरिकेत डेव्हिस यांनी तो मांडला. तिथे हेतू वेगळा होता: गोळी गिळताना ठसका लागू नये, ती घशात अडकू नये.

प्रयोगशाळेत या गोळ्यांची परीक्षा ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घेतात. दोन गोष्टी मोजतात: गोळी वर यायला किती वेळ लागला आणि ती किती तास वर राहिली. मात्र काचेच्या भांड्यात बारा तास तरंगलेली गोळी तुमच्या जठरातही बारा तास राहील, असे नाही. भांडे आकुंचन पावत नाही, जठर पावते.

## नैसर्गिक पॉलिमर म्हणजे काय?

पॉलिमर म्हणजे छोट्या छोट्या रेणूंची लांबलचक साखळी. प्लास्टिक हा कारखान्यात तयार झालेला पॉलिमर. वनस्पती, शेवाळ, जंतू आणि कवचधारी प्राणी यांच्याकडून मिळणारे ते नैसर्गिक पॉलिमर. औषधात वापरले जाणारे बहुतेक नैसर्गिक पॉलिमर हे साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. पाणी लागले की त्या उलगडतात, पाणी धरून ठेवतात आणि चिकट होतात. सब्जा किंवा मेथीदाणे भिजवल्यावर सुटणारा बुळबुळीतपणा हा त्याच जातीचा.

बाजारातल्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्यांत सर्वाधिक दिसणारा पदार्थ एचपीएमसी हा आहे. तो लाकूड किंवा कापसातल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात, म्हणून त्याला अर्धनैसर्गिक म्हणता येईल. पूर्ण नैसर्गिक पदार्थांपैकी महत्त्वाचे असे:

अल्जिनेट. हे तपकिरी समुद्रशेवाळातून मिळते. त्याचे दोन गुण कामाचे आहेत. आम्लात ते जेल बनते, आणि कॅल्शियम भेटले की त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट होतात. अल्जिनेटचे द्रावण कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडले, तर झाऱ्यातून बुंदी पाडावी तसे गोल मणी तयार होतात. त्यात हवा, वायू किंवा तेल अडकवले की तरंगणारे मणी मिळतात.

गवार गम. आपण ज्या गवारीच्या शेंगांची भाजी खातो, तिच्याच पक्व बियांच्या गरापासून हा गम काढतात. जगातले बहुतांश गवार उत्पादन भारतात होते आणि त्यातही राजस्थान पुढे आहे. तो थंड पाण्यातही झपाट्याने फुगतो. हाच त्याचा गुण, आणि हाच धोका. त्याविषयी पुढे येईलच.

झँथन गम. हा एका जंतूच्या मदतीने साखर आंबवून तयार करतात. आम्ल आणि क्षार यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे जठरात त्याचा थर टिकून राहतो. सॉस आणि आइस्क्रीम घट्ट करायलाही तो वापरतात.

चिंचोक्याचा पॉलिमर. घोंगडीला देतात ती चिंचोक्याची खळ तुम्हाला माहीत असेल. त्या खळीचा चिकटपणा ज्या घटकामुळे येतो, तोच शुद्ध करून औषधात वापरता येतो. तो फुगतो आणि आतड्याच्या ओल्या आवरणाला चिकटूनही राहतो.

कराया गम. महाराष्ट्राच्या डोंगरांत पांढऱ्याफटक खोडाचे कांडोळाचे झाड दिसते. काही ठिकाणी त्याला भुत्याही म्हणतात. त्याच्या सालीतून झिरपणारा हा डिंक पाण्यात पूर्ण विरघळत नाही, पण खूप फुगतो.

पेक्टिन, इसबगोल आणि कायटोसन. पेक्टिन लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातून येते. इसबगोल सर्वांच्या परिचयाचे आहे. कायटोसन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, त्यामुळे ते शाकाहारी नाही.

एकाच गोळीत यातले दोन-तीन पदार्थ एकत्र असू शकतात. एक लवकर फुगून गोळी उचलतो, दुसरा तासन्‌तास आकार टिकवतो.

## भारतातले एक उदाहरण

सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिवसातून दोनदा घ्यावे लागते. ते एकदाच देता यावे म्हणून रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीने "सिफ्रान ओडी" ही गोळी तयार केली. रॅनबॅक्सी पुढे सन फार्मामध्ये विलीन झाली. या तंत्राचे अमेरिकी पेटंट २००१ सालचे आहे. त्यात औषधासोबत सोडियम अल्जिनेट, झँथन गम, सोडा आणि फुगणारा एक कृत्रिम पॉलिमर अशी रचना दिली आहे. म्हणजे शेवाळ, आंबवलेली साखर आणि खाण्याचा सोडा यांच्या आधारावर गोळी जठरात फुगते, तरंगते आणि औषध बेताबेताने सोडते.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, अशी गोळी तोडली किंवा कुटली तर तिची रचनाच मोडते. दिवसभराचा डोस एकदम सुटतो आणि चोवीस तास पुरणारे औषध काही तासांतच संपते. दुसरी, सिप्रोफ्लॉक्सॅसिन दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडसोबत घेतले तर शोषले जात नाही. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर ते घ्यावे. आणि अर्थातच, कोणतेही अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

## ॲसिडिटीचे तरंगणारे औषध

नैसर्गिक पॉलिमर तरंगण्याचा सर्वात ओळखीचा उपयोग गोळीत नसून पातळ औषधात आहे. "गॅव्हिस्कॉन" आणि त्यासारख्या औषधांत सोडियम अल्जिनेट, सोडा आणि कॅल्शियम कार्बोनेट असते. ते जठरात गेले की अल्जिनेटचे जेल बनते, सोड्यापासून निघालेला वायू त्यात अडकतो आणि कॅल्शियम ते घट्ट करते. अन्नाच्या वर एक तराफा तयार होतो. आम्ल घशाकडे उसळू लागले, तर आधी हा तराफा वाटेत येतो. जेवणानंतर छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो.

हे औषध जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घ्यायचे असते. रिकाम्या पोटी घेतले, तर तराफा लवकर वाहून जातो. इतर औषधे आणि हे यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. या औषधाच्या मूळ प्रकारात १० मिलिलिटरमध्ये सोडियम अल्जिनेट ५०० मिलिग्रॅम, सोडा २६७ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट १६० मिलिग्रॅम असते. त्यातून सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. २० मिलिलिटर दिवसातून चार वेळा घेतले, तर हा आकडा ११०० मिलिग्रॅमच्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे. म्हणजे लोणचे-पापड सोडून मीठ जपणारा माणूस औषधाच्या बाटलीतून अर्ध्याहून अधिक सोडियम घेत असतो. अशा रुग्णांनी हे औषध स्वतःहून रोज घेऊ नये.

## शौचात दिसलेली गोळी

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे. मेटफॉर्मिनच्या दीर्घकाळ चालणाऱ्या अनेक गोळ्यांत औषध पॉलिमरच्या जाळीत बसवलेले असते. औषध विरघळून बाहेर पडते, पण जाळी पचत नाही. ती मऊ, फुगलेल्या, गोळीच्याच आकाराच्या लगद्यासारखी शौचातून बाहेर येऊ शकते. भाजून खाल्लेल्या कणसाचे बुरकुंड उरावे, तसेच हे. दाणे पोटात गेलेले असतात.

असे दिसल्यावर घाबरू नका आणि गोळी बंदही करू नका. औषध लागू पडते की नाही, हे शौचावरून ठरत नाही. रक्तातली साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी यांवरून ते ठरते. मात्र गोळी मऊ कवचासारखी नसून कडक आणि अखंड दिसत असेल, सतत जुलाब होत असतील किंवा साखर अचानक वाढली असेल, तर डॉक्टरांना सांगा.

## गोळी कशी घ्यायची?

जेवणासोबत घ्या. दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ चालणारे मेटफॉर्मिन सहसा रात्रीच्या जेवणासोबत देतात. कांद्याच्या हंगामात आमच्याकडे ट्रॅक्टर घेऊन पहाटेच बाजार समितीकडे निघणारे शेतकरी चहा-बिस्किटावर गोळी घेतात आणि पहिले धड जेवण दुपारी दोनला करतात. अशा दिवसक्रमात सकाळची गोळी रिकाम्या पोटासारख्याच अवस्थेत जाते. तुमचे सर्वात नियमित जेवण कोणते, हे डॉक्टरांना सांगा. गोळीची वेळ त्याला जुळवून घेता येते.

सूर्यास्तापूर्वी जेवत असाल तर गोळी त्याच जेवणासोबत घ्या. "रात्रीची गोळी" म्हणून ती नऊ वाजता उपाशीपोटी घेऊ नका. चोविहार पाळणाऱ्या कुटुंबांत ही गल्लत वारंवार होते.

पेलाभर पाणी प्या. साधारण २०० ते २५० मिलिलिटर. घोटभर चहासोबत किंवा कोरडी गोळी गिळू नका. फुगणारा पदार्थ अन्ननलिकेत अडकला तर तो तिथेच फुगतो.

लगेच आडवे होऊ नका. निदान अर्धा तास बसा किंवा चाला. बसलेले किंवा उभे असताना तरंगणारी गोळी जठराच्या वरच्या भागात राहते. आडवे झाल्यावर जठराचे तोंड कुठल्या बाजूला आहे त्यानुसार ती लवकर पुढे जाऊ शकते.

तोडू, चावू, कुटू नका. वयस्कर माणसाला मोठी गोळी गिळता येत नसेल, तर घरी खलबत्त्यात कुटण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. साधी लहान गोळी किंवा पातळ औषध असे पर्याय असतात. गोळीवर मधोमध रेघ असली तरी ती तोडायची परवानगी आहे का, हे विचारून घ्या.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

मेडिकलमधून घेताना पाकिटावरची अक्षरे जुळवा. मेटफॉर्मिन ५०० आणि मेटफॉर्मिन एसआर ५०० यांत औषध तेच असले तरी ते सोडण्याची पद्धत वेगळी आहे. नाव सारखे, मिलिग्रॅम सारखे, म्हणून एकीच्या जागी दुसरी घेतली तर साखरेचा ताळ बिघडू शकतो. जुनी स्ट्रिप सोबत न्या आणि शेवटची दोन अक्षरे पाहा.

## कोणी जास्त काळजी घ्यावी?

- बऱ्याच वर्षांचा मधुमेह. काहींच्या जठराच्या नसा मंदावतात. दोन घास खाल्ले की पोट भरते, कित्येक तासांपूर्वीचे अन्न उलटीतून न पचलेले पडते. अशा मंद जठरात फुगणाऱ्या गोळ्या साचून राहू शकतात आणि औषधाचा परिणाम बेभरवशाचा होतो.
- गिळायला त्रास, अन्ननलिका अरुंद असणे, पक्षाघातानंतरचा अशक्तपणा.
- जठर किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असणे. वजन कमी करण्यासाठीची शस्त्रक्रियाही यात आली.
- वजन किंवा साखर कमी करण्यासाठी जठर मंदावणारी इंजेक्शने चालू असणे.
- गवार गम, इसबगोल यांची ॲलर्जी. हे पदार्थ हाताळणाऱ्या काही लोकांना त्यांच्या धुळीने दमा होतो.

## "नैसर्गिक आहे, मग धोका कसला?"

या प्रश्नाचे उत्तर गवार गमच्याच इतिहासात आहे. अमेरिकेत "कॅल-बॅन ३०००" नावाची वजन कमी करण्याची गोळी विकली जात होती. तिचा मुख्य घटक गवार गम होता. पोटात फुगून भूक मारावी ही कल्पना. प्रत्यक्षात काही लोकांच्या अन्ननलिकेतच गोळी फुगून अडकली, आणि १९९० साली तिथल्या औषध प्रशासनाने ती बाजारातून हटवली. पदार्थ तोच, जो आपण भाजीच्या शेंगेतून निर्धास्त खातो. प्रमाण, स्वरूप आणि सोबतचे पाणी बदलले की परिणाम बदलतो.

नैसर्गिक पॉलिमरची दुसरी अडचण सातत्याची आहे. यंदाच्या आणि गेल्या वर्षीच्या पिकातून काढलेल्या गमचा चिकटपणा वेगळा असू शकतो. पाऊस, जमीन, साठवण यांचा त्यावर परिणाम होतो. दमट हवेत त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. म्हणून औषध कंपन्यांना प्रत्येक खेप तपासून घ्यावी लागते. दर्जाची ही तपासणी नसेल तर स्वस्त, नैसर्गिक, जैविक ही विशेषणे निरुपयोगी ठरतात.

त्यांची जमेची बाजूही खरी आहे. हे पदार्थ बहुतेक विषारी नाहीत, अन्नात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत, भारतात मुबलक मिळतात आणि स्वस्त आहेत. म्हणूनच औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत चिंचोका, मेथी, भेंडी यांच्यापासून तरंगणाऱ्या गोळ्या बनवण्याचे प्रयोग सतत होत असतात. मात्र प्रयोगशाळेत तरंगलेली गोळी रुग्णाच्या हातात येईपर्यंत माणसांवरच्या चाचण्यांचा लांब टप्पा असतो. त्यातल्या थोड्याच तो पार करतात.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळीतल्या सोड्यामुळे पोटात गॅस होईल का?
गोळीत सोडा थोडाच असतो. त्याचा वायू मुख्यतः गोळीच्या आत अडकतो. एखादा ढेकर येऊ शकतो. पोट सतत फुगत असेल, तर कारण दुसरे शोधावे लागेल. मेटफॉर्मिनमुळेही सुरुवातीला पोट बिघडते.

गवारीची भाजी, डिंकाचे लाडू किंवा भेंडी खाल्ल्याने गोळी पोटात जास्त थांबेल का?
नाही. गोळीतला पॉलिमर ठरावीक प्रमाणात औषधाभोवती बांधलेला असतो. भाजी हा आहार आहे, तिने गोळीची रचना बदलत नाही.

इसबगोल आणि गोळी एकत्र घेतली तर?
घेऊ नका. इसबगोल औषधाला वेढून त्याचे शोषण लांबवू शकते. दोन तासांचे अंतर ठेवा. इसबगोलही भरपूर पाण्यासोबतच घ्या. भिजवलेली मेथी रोज घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उपवास किंवा रोजा असेल तर?
जेवणाशी बांधलेली गोळी उपवासात कशी घ्यायची, हे आधीच विचारून ठरवा. मधुमेहात इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आम्ही शाकाहारी आहोत. कॅप्सूल चालेल का?
गवार, अल्जिनेट, झँथन, चिंचोका हे शाकाहारी आहेत. कायटोसन नाही. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. सेल्युलोजच्या कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. मेडिकलमध्ये तसे स्पष्ट विचारा. मात्र कवच काढून आतली भुकटी पाण्यात घेऊ नका.

माझी गोळी तरंगणारी आहे हे कसे ओळखू?
नुसत्या नावावरून नेहमी कळत नाही. एसआर किंवा ईआर म्हणजे औषध हळू सुटते एवढेच, ती तरंगतेच असे नाही. जीआर लिहिले असेल तर ती जठरात थांबणारी असते. घरी पेल्यात टाकून पाहण्यात अर्थ नाही, साध्या पाण्यात आम्ल नसते. औषध देणाऱ्या फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा.

## डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- गोळी घेतल्यानंतर छातीत अडकल्यासारखे वाटणे, थुंकीही गिळता न येणे, लाळ गळणे. यात पाणी किंवा भाताचा गोळा गिळून ती ढकलायचा प्रयत्न करू नका, थेट रुग्णालयात जा.
- वारंवार उलटी, पोट फुगून तीव्र दुखणे, वायू किंवा शौच बंद होणे.
- काळे, डांबरासारखे शौच किंवा रक्ताची उलटी.
- औषध नियमित घेऊनही साखर सतत वाढलेली राहणे, किंवा गोळीचा ब्रँड बदलल्यानंतर घाम, थरथर, चक्कर येणे.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरातल्या सर्व गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. कोणती जेवणासोबत, कोणती उपाशीपोटी आणि कोणती अजिबात तोडायची नाही, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे स्ट्रिपवरच पेनाने लिहून घ्या. घरात औषध देणारी व्यक्ती वेगळी असेल, तर तिलाही सोबत न्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे वय, इतर आजार आणि चालू औषधे पाहूनच औषधाचा निर्णय होतो. त्यामुळे लेख वाचून स्वतःहून औषध सुरू, बंद किंवा बदलू नका.*